मेक्सिकन रिव्हिएराची क्रूझ : बंदरावर उतरल्यावर नेमकं काय करायचं? (अनुभव धागा)

कॅलिफोर्नियातून निघून मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याने खाली जाणाऱ्या क्रूझबद्दल बरेच जण विचारतात, विशेषतः भारतातून आईवडील यायचे असले की. जहाजावरच्या खोल्या, शो, जेवणाचे हॉल यांची माहिती कुठेही मिळते. बंदरात मात्र पाच ते आठ तासच हातात असतात. ते कसे वापरायचे हे आधी ठरलं नसेल तर निम्मा वेळ रांगेत आणि टॅक्सीचं भाडं ठरवण्यात जातो. म्हणून हा धागा.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: जहाजं लॉस एंजेलिसचं सॅन पेड्रो, लाँग बीच आणि सॅन डिएगो इथून सुटतात. विमानाने येणार असाल तर सॅन डिएगो सर्वांत सोयीचं, विमानतळापासून धक्का पाचेक किलोमीटरवर आहे. सात रात्रींच्या फेरीत साधारणपणे काबो सान लुकास, मासात्लान आणि पुएर्तो वायार्ता ही तीन बंदरं असतात, क्रम बदलतो. तीन-चार रात्रींच्या फेऱ्या एन्सेनादाला जाऊन परत येतात.

जे ही बंदरं नीट ओळखतात त्यांनी लिहावं. जहाज कुठे लागतं, किती चालायचं, कुठल्या पाण्यात उतरायचं, काय बिघडतं आणि का, एवढं आलं तरी पुरे.

सागरगोटा

काबोपासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

काबोला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज खाडीत उभं राहतं आणि छोट्या बोटींनी, म्हणजे टेंडरने, माणसं मरिनात नेतात. आधी जहाजाच्या सहली घेतलेले आणि महागड्या खोल्यांतले लोक उतरतात, मग नंबराप्रमाणे बाकीचे. हे नंबर सकाळी एखाद्या लाउंजमध्ये वाटतात, कुठे आणि किती वाजता ते आदल्या रात्रीच्या पत्रकात छापलेलं असतं. रांग लागायच्या वीस मिनिटं आधी तिथे पोहोचा. पहिल्या तुकडीत उतरलात तर दहा वाजेपर्यंतचा शांत समुद्र मिळतो. नाहीतर अकरा-साडेअकरा वाजतात आणि तोवर वारा सुटलेला असतो.

परतीचं गणित जास्त महत्त्वाचं. शेवटच्या तासात टेंडरची रांग पाऊण-एक तासाची होते आणि ती बरीचशी उन्हात असते. शेवटच्या टेंडरच्या दीड तास आधी मरिनात परत यावं.

आणखी एक. समुद्राला मोठी फुग, म्हणजे दुरून येणाऱ्या लांब लाटा, असली की टेंडर चालवणं धोक्याचं होतं, मग कप्तान काबो सोडून पुढे निघतो. हे अधूनमधून घडतंच. बंदराचं शुल्क आणि जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे खात्यात परत येतात. बाहेरून बुकिंग केलं असेल तर 'जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा' ही अट आधी लेखी घ्या. ज्यांच्याकडे ही अट नाही त्यांच्याकडे काबोचं काहीही बुक करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लाटांची_लेक

काबोच्या पाण्याबद्दल मी लिहिते, कारण तिथले सगळे किनारे दिसायला सारखे आणि स्वभावाने अगदी वेगळे आहेत.

एल आर्को ही दगडी कमान भूमीच्या टोकाला आहे. तिच्या अलीकडे प्लाया देल आमोर म्हणजे प्रेमिकांचा किनारा. तिथून खडकांमधल्या वाळूतून पलीकडे चालत गेलं की थेट पॅसिफिक लागतो, त्या बाजूला 'घटस्फोटाचा किनारा' म्हणतात. पलीकडच्या बाजूला पाय ओले करायलासुद्धा जाऊ नका. तिथे तळ एकदम खोल होतो, लाट किनाऱ्यावरच फुटते आणि परत जाताना माणसाला ओढून नेते. कितीही चांगलं पोहता आलं तरी त्या ओढीतून सुटता येत नाही. सोलमारच्या किनाऱ्यालाही हेच लागू.

प्रेमिकांच्या किनाऱ्यावर जायला मरिनातून पाणटॅक्सी मिळते, काही बोटींचा तळ काचेचा असतो. भाडं माणशी की बोटीचं, एकेरी की जाऊन-येऊन, हे चढण्याआधी ठरवा आणि परतीचे पैसे परत आल्यावरच द्या. तिथे धक्का नाही, बोट वाळूला टेकते आणि गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागते. सावली, स्वच्छतागृह, दुकान यांतलं काहीही नाही. पाणी आणि टोपी सोबत असू द्या. न्यायला कोणती बोट येणार आणि किती वाजता, हे तिच्या नावासकट लिहून ठेवा.

पोहायचं असेल तर मेदानोचा किनारा. टेंडरच्या धक्क्यापासून मरिनाच्या कडेकडेने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मासे बघायचे असतील तर सांता मारिया आणि चिलेनो या खाड्या, तेरा-पंधरा किलोमीटरवर सान होसेच्या रस्त्याला. चिलेनोला स्वच्छतागृहं, शॉवर आणि जीवरक्षक आहेत, म्हणून लहान मुलं असतील तर तेच बरं. कुठेही उतरण्याआधी झेंडा बघा: हिरवा चांगला, पिवळा जपून, लाल धोका, काळा म्हणजे समुद्र बंद.

वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. स्टिंगरे म्हणजे आपलं पाखट वाळूत पुरून बसलेलं असतं. घासण्याने ते पळतं, वरून पाय पडला तर काटा मारतं. काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. उष्णतेने त्या विषाची वेदना उतरते.

घड्याळजी

या फेरीत जहाज चुकण्यामागे रहदारीइतकंच घड्याळही असतं, म्हणून वेळेचं कोष्टक शब्दांत मांडतो.

मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं बंद केलं, अमेरिकेला लागून असलेला पट्टा सोडून. त्यामुळे हिवाळ्यात काबो आणि मासात्लान लॉस एंजेलिसच्या एक तास पुढे, वायार्ता दोन तास पुढे. मार्च ते नोव्हेंबर, म्हणजे अमेरिकेची घड्याळं पुढे असतात तेव्हा, काबो आणि मासात्लान लॉस एंजेलिसबरोबर आणि वायार्ता फक्त एक तास पुढे. एन्सेनादा मात्र बाराही महिने कॅलिफोर्नियाच्याच वेळेवर.

आता गोंधळ कुठे होतो ते बघा. काही जहाजं प्रत्येक बंदरात स्थानिक वेळ लावतात, काही पूर्ण फेरीत एकच वेळ ठेवतात. समजा जहाजाने वायार्ताला स्थानिक वेळ लावली आणि तुमचं मनगटी घड्याळ लॉस एंजेलिसवरच राहिलं, तर हिवाळ्यात तुम्ही दोन तास मागे असता. तुमच्या घड्याळात तीन वाजतात तेव्हा जहाजात पाच वाजलेले असतात. उलट, जहाज लॉस एंजेलिसच्या वेळेवर राहिलं आणि तुम्ही बाहेरची सहल स्थानिक नऊची घेतली, तर ती तुमच्या जहाजाच्या सातची आहे, तेव्हा कदाचित गँगवे, म्हणजे जहाजातून उतरायचा पूलसुद्धा उघडलेला नसेल.

उपाय साधा आहे. एक सुईचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि ते कोणत्याही बंदरात हलवू नका. जहाजातून उतरताना दारापाशी 'सर्वांनी परत येण्याची वेळ' लिहिलेली पाटी असते, तिचा फोटो काढा. ती वेळ जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. फोनवर अवलंबून राहू नका, तो स्वतःहून वेळ बदलतो. खुल्या समुद्रात फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडून मोठं बिल येतं.

जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेरच्या सहलीसाठी थांबत नाही. बाहेरच्या सहली स्वस्त आणि पुष्कळदा चांगल्या असतात, पण त्या जहाज सुटण्याच्या तीन तास आधी संपणाऱ्याच निवडा.

पुलाखालचं_पाणी

मासात्लान हे या तिघांतलं सर्वांत खरं शहर आहे. माझं मत विचाराल तर याच बंदरात समुद्रकिनारा सोडून गावात फिरावं.

जहाज मालवाहू बंदरात लागतं. तिथून पायी जायची परवानगी नाही, जहाजापासून गेटपर्यंत फुकट ट्रॅम असते. बाहेर पडलात की रस्त्यावर निळी रेघ रंगवलेली दिसते. तिच्या मागोमाग वीस मिनिटं चाललं की जुनं गाव येतं. प्लासुएला माचादो हा चौक, त्याला लागून आंखेला पेराल्ता नाट्यगृह. या गायिकेचा १८८३ मध्ये इथेच पीतज्वराने मृत्यू झाला, दौऱ्यावर आली असताना. नाट्यगृहाला तिचं नाव नंतर दिलं गेलं. पुढे कॅथेड्रल आणि पिनो सुआरेस मंडई. मंडईत खाली मासळी, फळं, मिरच्या, आणि वरच्या मजल्यावर साध्या जेवणाच्या खानावळी.

उघड्या टॅक्सीला इथे 'पुल्मोनिया' म्हणतात, म्हणजे न्यूमोनिया, वारा लागतो म्हणून. १९६० च्या दशकापासून हेच वाहन या गावाची ओळख आहे. मीटर नसतो. भाडं गाडीचं ठरवा, माणशी नाही, आणि पेसोत की डॉलरमध्ये ते बोलून घ्या.

एल फारो हा दीपस्तंभ बंदराजवळच्याच टेकडीवर, समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून उंच आहे. आधी वळणाची पायवाट, मग पायऱ्या. अर्धा-पाऊण तास लागतो आणि सावली जवळपास नाही, म्हणून जहाजातून उतरल्याबरोबर हेच करावं, दहानंतर नको. ओलास आल्तास या किनाऱ्याच्या पुढे कड्यावरून उडी मारणारे क्लावादिस्ता असतात. खाली पाणी उथळ आहे, त्यामुळे लाट आत येते त्याच क्षणी ते उडी घेतात. गर्दी आणि बक्षिसी पुरेशी जमेपर्यंत वाट बघावी लागते, त्यामुळे नेमकी वेळ कोणी सांगू शकत नाही.

पोहायचं असेल तर ओलास आल्तास नको, तिथे खडक आणि जोरदार लाटा आहेत. इस्ला दे ला पिएद्राला जा. नाव बेटाचं असलं तरी ते द्वीपकल्प आहे. धक्क्यावरून पाच मिनिटांची बोट, मग लांबच लांब वाळू, झावळ्यांच्या शाकारणीखाली खानावळी आणि मऊ लाटा. हॉटेलांचा सोनेरी पट्टा उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवर आहे. समोरच्या बेटांमुळे तिथलंही पाणी बरंच शांत असतं.

सावधचित्त

मासात्लानबद्दल एक गंभीर जोड. ते ज्यात येतं त्या सिनालोआ राज्यासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचना 'प्रवास करू नका' या चौथ्या पातळीची आहे. २०११ मध्ये बऱ्याच क्रूझ कंपन्यांनी हे बंदर सोडलं होतं, २०१३ च्या अखेरीपासून जहाजं हळूहळू परतली. बुकिंग करताना आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात, दोन्ही वेळा सूचना वाचा, आणि फक्त मासात्लानच्या नव्हे, प्रत्येक राज्याच्या. जुनं गाव, मालेकोन (समुद्राकाठचा फिरायचा रस्ता), दीपस्तंभ, पिएद्रा एवढ्या परिघात दिवसा राहा, गावाबाहेरच्या डोंगरी सहली घेऊ नका. जहाजाने ऐनवेळी बंदर बदललं तर करारानुसार तो त्यांचा अधिकार असतो, म्हणून केवळ एका बंदरासाठी ही फेरी घेऊ नये.

अकोलेकर

वायार्ता माझ्या आवडीचं, आणि त्याचं कारण सांगायला हरकत नाही: ते जवळपास अकोल्याच्याच अक्षांशावर आहे, २०.६५ अंश उत्तर. जून ते ऑक्टोबर पाऊस, मागे सह्याद्रीसारखी हिरवी सिएरा माद्रे, आंबा, चिंच, नारळ. त्यामुळे आपल्या माणसाला तिथली हवा समजवावी लागत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं ऊन, दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश. पावसाळ्यात सकाळ बहुधा उघडी आणि संध्याकाळी गडगडाट. पण पावसानंतर नद्यांचा गाळ खाडीत येतो आणि पाण्याखाली काही दिसत नाही, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्नॉर्केलिंगवर पैसे घालवू नका.

जहाज मरिना भागात धक्क्याला लागतं. टर्मिनलमधून बाहेर पडताना दुकानांतून जावं लागतं, तिथे 'माहिती हवी का, टॅक्सी हवी का' म्हणत गळ्यात पट्टे घातलेले लोक पुढे येतात. ते टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला दरवर्षी काही दिवसांचा वाटा, विकणारे असतात. स्वस्त सहल किंवा फुकट नाश्ता देऊन दोन-तीन तास भाषण ऐकवतात आणि तुमचा दिवस तिथेच संपतो. 'नो, ग्रासियास' म्हणून न थांबता चालत राहायचं, तो उद्धटपणा नाही. काबोलाही हेच चालतं.

धक्क्याच्या आतली टॅक्सी महाग. फाटकाबाहेर मुख्य रस्त्यावर आलात की समोर वॉलमार्ट दिसतं. तिथली टॅक्सी स्वस्त पडते, बस त्याहून स्वस्त. समोरच्या काचेवर 'सेंत्रो' लिहिलेली बस घ्या, भाडं रोख पेसोत, सुटे ठेवा. परत येताना काचेवर 'वॉलमार्ट' किंवा 'मरिना' वाचून चढा. मालेकोन सहा किलोमीटरवर आहे, तरी दुपारी रहदारीत अर्धा तास सहज जातो.

मालेकोन साधारण किलोमीटरभर, पूर्ण पायी फिरायचा, गाड्या नाहीत. शिल्पं, समुद्रघोड्यावर बसलेला मुलगा, उंच खांबावरून दोराला उलटे लटकून गोल फिरत खाली येणारे वोलादोर: चौघं फिरतात आणि पाचवा खांबाच्या टोकावर बासरी आणि छोटा ढोल वाजवतो. मग मुकुटाच्या मनोऱ्याचं ग्वादालुपेचं चर्च. पुढे कुआले नदी ओलांडली की सोना रोमांतिका ही जुनी वस्ती आणि लोस मुएर्तोसचा धक्का. उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेकडे चालत गेलं आणि तिथून बस किंवा टॅक्सी घेतली तर एकच वाट दोनदा चालावी लागत नाही.

लोस आर्कोसचे खडक दक्षिणेला समुद्रात आहेत, स्नॉर्केलिंगला सकाळीच. येलापा बोटीने पाऊण तासावर, गाव सुंदर आहे, पण दुपारनंतर खाडी खवळली की परतीच्या बोटी लांबतात. जहाज नऊ तासांपेक्षा कमी थांबणार असेल तर येलापा सोडून द्या. त्या मानाने बोटॅनिकल गार्डन सोपं, रस्त्याने जाता येतं. ऑर्किडं बघायची असतील तर अवश्य.

देवमासा_पाहणारी

हंपबॅक देवमासे डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत, वायार्ताची बांदेरास खाडी आणि काबो या दोन्ही ठिकाणी. ते थंड उत्तरेतून पिल्लं जन्माला घालायला इथे येतात. वायार्ताला परवानगीचा हंगाम ८ डिसेंबर ते २३ मार्च, त्याबाहेर 'देवमासे दाखवतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

बोटीची निवड: रबरी झोडियाक वेगवान आणि पाण्याजवळ, पण आपटते. पाठीचं दुखणं, गरोदरपण किंवा साठीच्या पुढचे गुडघे असतील तर मोठी, सावलीची कॅटामरान. सकाळची पहिली फेरी घ्या, सपाट पाण्यावर उडणारा फवारा लांबून दिसतो, वाऱ्याने पांढरे फेसाळ तुरे उठले की तो त्यात हरवतो. आणि फुकटचा मार्ग: काबोला जहाज पोहोचतं त्या पहाटे डेकवर उभं राहा. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे, त्याहून जास्त मोठं करणारी हलत्या जहाजावर स्थिर राहत नाही.

पोटोबा

शाकाहारी मंडळींसाठी.

जहाजावर: बुकिंग झाल्याबरोबर 'विशेष आहार' विभागाला भारतीय शाकाहारी किंवा जैन असं लिहून कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा सांगा. मग आदल्या रात्री उद्याचं जेवण ठरवून घेता येतं. बुफेवर भिस्त ठेवू नका.

बंदरात नुसतं 'बेहेतारियानो' म्हणून भागत नाही, काही ठिकाणी हॅम किंवा कोंबडी चालेल असं समजतात. पूर्ण यादी म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मारिस्कोस'. म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासा नको, शिंपल्या-कोळंबी नको. खरा फसवा पदार्थ आहे मांतेका, डुकराची चरबी. घोटलेल्या फ्रिहोलेस म्हणजे राजम्याच्या जातीच्या उसळीत ती बऱ्याचदा असते, 'तिएने मांतेका?' असं विचारा. मैद्याच्या पोळीत, तोर्तिया दे आरिनात, ती घालतात. मक्याच्या तोर्तिया दे माइसमध्ये सहसा नसते, म्हणून मक्याचीच मागा. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो.

निर्धास्त पदार्थ: चीजची केसादिया मक्याच्या तोर्तियात, ग्वाकामोले म्हणजे अवोकाडोची चटणी, भाजलेलं कणीस एलोते, निवडुंगाचे नोपालेस, राहास म्हणजे क्रीममधल्या मिरचीच्या पट्ट्या. चिले रेयेनोला अंड्याचं आवरण असतं. आंबा, काकडी, हिकामा या कंदाला तिखट-मीठ-लिंबू लावून देतात, ते आपल्या माणसांना लगेच पटतं. पेयांत तामारिंदो म्हणजे चिंचेचं सरबत आणि हामाइका, जे आपल्या लाल अंबाडीच्या फुलांच्या बोंडांचं असतं. बर्फ मधोमध भोक असलेल्या नळकांडीचा असेल तर तो कारखान्यात शुद्ध पाण्यापासून केलेला. फोडलेला ओबडधोबड बर्फ घेऊ नका.

मासे खाणाऱ्यांनी मासात्लानची कोळंबी सोडू नये. पण आग्वाचिले कच्च्या कोळंबीचं असतं, लिंबू आणि हिरव्या मिरचीत मुरवलेलं, शिजवलेलं नाही. नाजूक पोट असेल तर लसणातली किंवा भाजलेली मागा. वायार्ताला लोस मुएर्तोसच्या वाळूवर काडीला लावून भाजलेला मासा मिळतो, तो गरमच घ्या.

जहाजातून फळ, सँडविच, घरचे लाडू घेऊन उतरू नका. धक्क्यावर कुत्री वास घेतात आणि दंड होतो. कारखान्यात सीलबंद केलेली बिस्किटं किंवा चिवड्याचं पाकीट सहसा चालतं.

कागदपत्रे

आईवडिलांना नेणाऱ्यांसाठी. भारतीय पासपोर्टवर चालू मुदतीचा अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, ग्रीन कार्ड असेल तरी नाही. पण परत येणं हा अमेरिकेत नवा प्रवेश असतो, म्हणून बी-१/बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर अनेक वेळा प्रवेशाची परवानगी हवी. परतल्यावर सहा महिन्यांची मुदत नव्याने मिळेल असं धरून भारताचं तिकीट पुढे ढकलू नका.

पासपोर्टवरचा एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा शिक्का संपला आहे, पण आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे, अशांचा प्रश्न वेगळा. मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन परत यायला अमेरिकेचा 'आपोआप पुनर्वैधते'चा नियम आहे, नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसेल तर. मात्र मेक्सिकोची सवलत चालू व्हिसाला आहे, आणि धक्क्यावर कागद तपासणारा माणूस क्रूझ कंपनीची यादी बघतो. आय-७९७ हे अर्ज मंजुरीचं पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. कंपनीकडून ईमेलवर लेखी होकार घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. तो मिळत नसेल तर या फेरीचे पैसे भरू नका.

मेक्सिकोने १ जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशामागे ५ डॉलर शुल्क लावलं आहे, ते टप्प्याटप्प्याने वाढणार आहे. कंपनी ते भाड्यातच धरते, बंदरात कोणी वेगळं मागितलं तर देऊ नका.

आलेपाक

मळमळीबद्दल. जाताना वारा आणि लाटा मागून येतात, जहाज सहज चालतं. परतताना काबो फाल्सोचं टोक ओलांडलं की वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्यात आणि फुगीत तोंड घालून उत्तरेला जायचं असतं, त्यामुळे शेवटचे दीड-दोन दिवस जहाज जास्त हलतं आणि डेकवर गारठा असतो. काबोला चाळीस मिनिटांत कातडी भाजते आणि दुसऱ्याच संध्याकाळी जाकीट लागतं. दोन्ही कपडे न्या.

त्रास होणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्याची खोली घ्यावी, हलणं तिथे सर्वांत कमी. मेक्लिझिनची गोळी त्रास सुरू होण्याच्या तासभर आधी, डॉक्टरांना विचारून, विशेषतः वय झालेल्यांना. सुरू झाल्यावर घेतली तर टिकत नाही. आलं, आलेपाक, सुकी खाकरी पोटात असू द्या, रिकामं पोट वाईट. नजर क्षितिजावर, फोनवर नाही.

बाल्कनी कुठल्या बाजूची? दक्षिणेकडे जाताना पुढे तोंड केल्यावर उजवी बाजू पश्चिम, म्हणजे दुपारचं ऊन आणि सूर्यास्त. परतताना हेच डावीकडे. किनारा इतका लांब असतो की जमीन दिसावी म्हणून बाजू निवडण्यात अर्थ नाही.

महिना: पूर्व पॅसिफिकचा वादळी हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर, काबोला खरा धोका ऑगस्ट ते ऑक्टोबर. २०१४ च्या सप्टेंबरमधलं ओदिल तिथेच धडकलं होतं. त्या काळात भाडं कमी असतं, बंदरं बदलण्याची तयारी ठेवून जा.

टाळकुटे_आजोबांची_नात

चाकाची खुर्ची असेल तर: काबोला टेंडर आणि जहाज दोन्ही हलत असतात, मधली पायरी स्वतः ओलांडता आली पाहिजे. जड इलेक्ट्रिक खुर्ची सहसा घेत नाहीत, घडीची चालते, आणि त्या दिवशीचा समुद्र बघून अंतिम निर्णय कर्मचारी घेतात. अशांनी काबोला जहाजावरच राहून रिकाम्या डेकवरून कमान बघावी, ती तिथूनही छान दिसते. वायार्ताला मालेकोन सपाट आहे, पण सोना रोमांतिकाचे रस्ते गोट्यांचे आणि पदपथ उंच आहेत. मासात्लानला ट्रॅमचालकाला आधी सांगा, खुर्चीसाठी वेगळी गाडी असते का ते विचारा.

बंदरकिडा

एन्सेनादा राहिलं. धक्क्यापासून गाव पंधरा-वीस मिनिटं पायी. ला बुफादोरा हा समुद्राचा फवारा पस्तीसेक किलोमीटरवर आहे. लाट खडकातल्या कपारीत शिरते, आतली हवा दाबली जाते आणि पाणी वर उसळतं. भरती आणि मोठी फुग असेल तरच ते जोरात येतं, ओहोटीला गेलात तर निराशा. निघण्याआधी भरतीचं कोष्टक बघा. पाणी कॅलिफोर्निया प्रवाहामुळे गार असतं, पोहण्याचं बंदर हे नव्हे. इथे खावा तो माशाचा ताको: पिठात बुडवून तळलेला मासा, मक्याची तोर्तिया, कोबी, लिंबू.

लॉस एंजेलिसहून हवाईला जाणारं जहाज एन्सेनादाला का थांबतं असं पुष्कळ जण विचारतात. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांची फेरी करता येत नाही, मधे एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून कधीकधी ते संध्याकाळी तीन-चार तासच थांबतं. तेवढ्यात बुफादोराचा बेत नको, गावातच फिरा.

खरेदी: चांदीवर ९२५ चा शिक्का बघा. 'आल्पाका' म्हणजे जर्मन सिल्व्हर, चांदी नव्हे. मोठ्या बाटलीतलं स्वस्त व्हॅनिला टाळा, त्यात कधीकधी टोंका बियांतलं कुमारिन असतं, ते यकृताला वाईट. भावाच्या पाटीवरचं '$' चिन्ह पेसोचंही असतं, पैसे देण्याआधी विचारा. एटीएमने 'डॉलरमध्ये रूपांतर करू का' विचारलं तर नको म्हणा, तुमच्या बँकेचा दर बहुतेक वेळा बरा असतो.